श्रम, श्वास आणि मांसधातू

तोरण्याची किंवा रोहिड्याची चढण चढताना लागणारी धाप ही ‘वरच्या विरळ हवेमुळे’ असते, असा समज भोर-वेल्हे परिसरात येणाऱ्या दुर्गप्रेमींमध्ये आढळतो. वस्तुतः तोरण्याची उंची १४०३ मीटर. तेथे वायुभार समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ टक्केच कमी असतो आणि निरोगी व्यक्तीच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण फारसे घटत नाही. धापेचे मूळ मांसधातूच्या वाढत्या मागणीत आहे.

विश्रांतीत शरीर दर मिनिटास सुमारे २५० मिलिलिटर प्राणवायू वापरते. तीव्र व्यायामात ही मागणी दहा पटींहून अधिक होते. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा एरवी सुमारे पाचवा हिस्सा स्नायूंना मिळतो. तो आता ८० टक्क्यांपर्यंत जातो. राबत्या स्नायूतील उष्णता व आम्लता यांमुळे हिमोग्लोबिन प्राणवायू सहज सोडते आणि पेशीतील मायटोकॉन्ड्रिया त्याच्या साहाय्याने ऊर्जा निर्माण करतात. श्रम आणखी वाढले की प्राणवायूविना होणाऱ्या ऊर्जानिर्मितीचा वाटा वाढतो, रक्तात लॅक्टेट साचते आणि श्वास एकाएकी जलद होतो.

व्यायाम करताना हृदयस्थ वायू मुखाशी येणे, हे सुश्रुताचार्यांनी बलार्धाचे लक्षण सांगितले आहे. हा श्वसनबदल आणि ते लक्षण एकच, असा आमचा दावा नाही. तथापि ‘बोलता येईल इतपतच चढा’ हा सल्ला दोन्ही दृष्टींनी योग्य ठरतो.

येथे चिकित्सकाची जबाबदारी सुरू होते. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहते. म्हणजे १४ ग्रॅम असता १०० मिलिलिटर रक्तात सुमारे १९, तर ८ ग्रॅम असता जेमतेम ११ मिलिलिटर. पोलीस भरतीसाठी धावण्याचा सराव करणारी तरुणी ‘दम पुरत नाही’ म्हणून आली, तर बल्य कल्प लिहिण्यापूर्वी पांडुरोगाचा विचार व रक्ततपासणी व्हावी. औषधालयाच्या मालकांनीही ‘ताकदीचे औषध’ मागणाऱ्यास तपासणी झाली काय, एवढे अवश्य विचारावे.

श्रमाबरोबर छातीत दाब, डाव्या हातात वा जबड्यात वेदना, अथवा मूर्च्छा असेल, तर तो केवळ श्रमश्वास समजू नये. दुर्गम गावातून रुग्णालय गाठण्यास वेळ लागतो; म्हणून अशा रुग्णास औषध देऊन थांबवून न ठेवता तत्काळ हृदयालेख व पुढील उपचारांसाठी पाठवणे, हीच खरी चिकित्सा होय.