सायबोर्गला चार्जिंग लागतं तेव्हा

अर्धा माणूस, अर्धं यंत्र असलेल्या सैनिकाला हरवायचं कसं? गोळी लागून तो पडत नाही, भीती त्याला ठाऊक नाही आणि दयेचा तर प्रश्नच नाही. या पेचावर टीव्हीच्या लेखकांनी काढलेली तोड अगदी घरगुती आहे. या महाशयांना अधूनमधून चार्जिंगला लावावं लागतं!

बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेत सायबरमेन हे असेच अर्धयंत्र सैनिक आले १९६६ साली. त्यांचे एक जनक किट पेडलर हे वैद्यकीय संशोधक होते. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ या कथेत शवपेटीसारखं एक उभं यंत्र दिसतं. शक्ती संपत आलेला सायबरमेनचा म्होरक्या त्यात शिरतो. मालिकेचा नायक ‘डॉक्टर’ मदतीचा आव आणतो आणि त्याला आतच डांबायला बघतो. पण व्हायचं तेच होतं. पुरेशी ताकद भरताच म्होरक्या पेटी फोडून बाहेर येतो.

या कल्पनेचं खरं सोनं केलं ते ‘स्टार ट्रेक’ने. १९८९ साली ‘द नेक्स्ट जनरेशन’ मालिकेत बोर्ग ही सायबोर्गांची टोळी प्रथम दिसली. एकाच सामूहिक मनाने चालणारे हे असंख्य जीव. त्यांच्या घनाकृती जहाजात ना खोल्या, ना खाटा. भिंतीतल्या कोनाड्यांत रांगेने उभं राहायचं, जहाजाची ऊर्जा अंगात भरून घ्यायची आणि काम निघालं की बाहेर पडायचं. निवांतपणा नावालाही न दाखवता लेखकांनी एक अख्खी संस्कृती उभी केली.

लगेच पुढच्या वर्षी हाच कोनाडा बोर्गच्या मुळावर आला. बोर्गने मालिकेचा नायक कॅप्टन पिकार्ड याला पळवून आपल्यात सामील करून घेतलेलं असतं. त्याच्याच मेंदूच्या वाटेने त्याचा सहकारी, डेटा नावाचा अँड्रॉइड, सामूहिक मनात घुसतो. शस्त्रांच्या आज्ञांभोवती कडेकोट पहारा आहे, पण ‘ऊर्जा भरून घ्या’ या क्षुल्लक आज्ञेवर मात्र फारसं कुणाचं लक्ष नाही. डेटा तीच आज्ञा सोडतो. ऐन चढाईत, पृथ्वीच्या दाराशी, सगळे बोर्ग झोपी जातात. त्या अवेळी झोपेने यंत्रणा बिघडते आणि अखेर जहाज स्वतःच स्वतःला उडवून देतं. दूरचित्रवाणीवरच्या अंतराळयुद्धांत इतका साधा आणि इतका हुशार शेवट क्वचितच सापडेल.

१९९७ पासून ‘स्टार ट्रेक’च्याच ‘व्हॉयेजर’ मालिकेत सेव्हन ऑफ नाइन आली. लहानपणीच बोर्गने नेलेली आणि आता टोळीतून सुटलेली ही स्त्री, तिची भूमिका जेरी रायन यांची. जहाजावर सगळ्यांना केबिन, ही मात्र मालवाहू कक्षात हिरव्या उजेडाच्या कोनाड्यात डोळे मिटून उभी. माणसांत आलेली, पण माणसांसारखी आडवी न होणारी. हा एकटेपणा संवादांपेक्षा त्या कोनाड्यानेच जास्त सांगितला. एका भागात ती झोपेत जहाजाची सगळी माहिती डोक्यात ओतण्याची सोय कोनाड्यात करून घेते. मग तिला प्रत्येक घटनेत कट दिसू लागतो, आणि तिच्या नादाने जहाजाची कॅप्टन जेनवे व तिचा दुय्यम अधिकारी चाकोटे एकमेकांकडे संशयाने बघू लागतात. अतिमाहितीचं अपचन लेखकांनी १९९९ सालीच ओळखलं होतं म्हणायचं.

गंमत अशी की वास्तव या कथांच्या आधीच तिथे पोहोचलं होतं. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला गेला. त्यातली बॅटरी त्वचेबाहेरून, कोणतीही तार न टोचता चार्ज करता येत असे. ते यंत्र काही तासांतच बंद पडलं. पण एकामागून एक नवे पेसमेकर बसवत लार्सन २००१ पर्यंत जगले. पुढे वर्षानुवर्षं टिकणाऱ्या लिथियम बॅटऱ्या आल्या आणि पेसमेकरचं चार्जिंग मागे पडलं.

मेंदूला किंवा मज्जारज्जूला सूक्ष्म विद्युतस्पंद देणारी काही उपकरणं मात्र आजही त्वचेवर चार्जर ठेवून भरावी लागतात. निकामी होत चाललेल्या हृदयाला पंपाचा आधार दिलेले रुग्ण दिवसभर बॅटऱ्या अंगावर बाळगून हिंडतात. रात्री झोपताना मात्र पंप घरातल्या विजेला जोडून घ्या, असं त्यांना सांगितलं जातं, कारण बॅटरी संपत आल्याचा इशारा गाढ झोपेत ऐकू येईलच याचा भरवसा नसतो.