पहारा मालकाचा, दंड मजुराला

एखाद्या माणसास काम देण्यापूर्वी ते काम करण्याची योग्यता त्याच्या अंगी आहे की नाही हे मालकाने पाहावे, ही रीत जगात सर्वत्र रूढ आहे. परंतु त्या देशात काम करण्याचा कायदेशीर अधिकार त्यास आहे किंवा नाही, याचाही निवाडा मालकानेच करावा, असे सरकार म्हणू लागते तेव्हा प्रश्न निराळा होतो. ब्रिटनमध्ये नेमके हेच चालले आहे. २०२५ च्या सप्टेंबरात पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी या तपासणीसाठी डिजिटल ओळखपत्र सक्तीचे करण्याची घोषणा केली आणि लाखो नागरिकांनी तिच्याविरुद्ध सह्या केल्या. त्या सक्तीचे पुढे काहीही होवो. तिच्या बुडाशी असलेले तत्त्व जुने आहे आणि त्याची किंमत कोणास मोजावी लागली, हे जगापुढे आलेले आहे. ज्या मराठी घरांतील मुलगा वा सून आज लंडनात वा लीड्समध्ये नोकरीस आहे, त्या घरांना तर हा विषय मुळीच परका नाही.

प्रथम कायद्याचे स्वरूप पाहू. कामाचा अधिकार नसलेल्यास नोकरीस ठेवणे हा मालकाचा गुन्हा, असे ब्रिटनने १९९६ च्या कायद्याने ठरविले. २००६ च्या कायद्याने, जो २००८ च्या फेब्रुवारीपासून अमलात आला, त्यास जबर आर्थिक दंडाची जोड मिळाली. फेब्रुवारी २०२४ पासून हा दंड पहिल्या वेळी माणशी ४५,००० पौंडांपर्यंत आणि पुन्हा चूक झाल्यास ६०,००० पौंडांपर्यंत चढला आहे. मात्र कामावर घेण्यापूर्वीच ठरलेल्या रीतीने कागदपत्रे वा सरकारी संकेतस्थळावरील नोंद तपासून तिची प्रत जपून ठेवणाऱ्या मालकास या दंडातून सूट मिळते. म्हणजे सरहद्दीवरील पहारेकऱ्याचे काम कारखान्याच्या, उपाहारगृहाच्या आणि शुश्रूषागृहाच्या दाराशी आणून ठेवले आहे. आणि तो पहारा देणाऱ्यास पगार नाही, केवळ भय आहे.

हा कायदा मुळातच अन्यायाचा आहे, असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. आपल्या देशात कोणी यावे आणि कोणी काम करावे, हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्रास आहे. शिवाय चोरवाटेने आलेल्या मजुराचे हाल जो करतो, तो बहुधा त्यास कामावर ठेवणाराच असतो. ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर मोरकॅम्ब उपसागरात शिंपले वेचणारे किमान २१ चिनी मजूर भरतीच्या पाण्यात बुडून मेले. त्यांस भरती-ओहोटीची वेळ सांगण्याचीही तसदी मुकादमाने घेतली नव्हती. अशा मुकादमांस मोकळे सोडावे, असे कोणता शहाणा म्हणेल? त्या घटनेनंतर मजूर पुरविणाऱ्यांस परवाना सक्तीचा करणारा कायदा त्याच वर्षी झाला, तो उचितच होता. मालकावर जबाबदारी असावी, याविषयी आमचे दुमत नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, ही जबाबदारी पार पाडताना चूक झाली, तर तिचे ओझे कोणी वाहावयाचे?

या प्रश्नाचे उत्तर ‘विंडरश’ प्रकरणाने दिले आणि ते लज्जास्पद आहे. १९४८ साली ‘एम्पायर विंडरश’ ही आगबोट कॅरिबियन बेटांतून माणसे घेऊन टिलबरी बंदरास लागली. महायुद्धाने खिळखिळ्या झालेल्या ब्रिटनला कामकरी हात हवे होते. पुढील दोन दशकांत त्या बेटांतून, तसेच भारतासारख्या राष्ट्रकुलातील इतर देशांतूनही हजारो लोक तेथे गेले. १९७३ च्या प्रारंभी नवा कायदा अमलात आला, तेव्हा आधीच स्थायिक झालेल्यांचा राहण्याचा हक्क मान्य झाला. परंतु त्याचा कागद सर्वांच्या हाती दिला गेला नाही आणि सरकारनेही त्यांची पुरती नोंद ठेवली नाही. कित्येक जण तर आईबापांच्या पासपोर्टावर आलेली मुले होती. त्यांनी तेथे शिक्षण घेतले, कर भरले, संसार केले. चाळीस वर्षांनी, चौकशीचा फास आवळला गेल्यावर, त्यांस विचारण्यात आले की तुमचा कागद कोठे आहे? गृहखाते राहिलेल्या प्रत्येक वर्षाचा पुरावा मागू लागले. आणि ज्या जुन्या आगमन-चिठ्ठ्या उपयोगी पडू शकल्या असत्या, त्या त्याच खात्याने २०१० मध्ये नष्ट केल्या होत्या! माणसे नोकरीस मुकली, घरास मुकली, काहींची तर देशाबाहेर रवानगी झाली. २०१८ मध्ये हे प्रकरण उघडकीस आले आणि त्या वादळात गृहमंत्री अँबर रड यांस राजीनामा द्यावा लागला. २०२० च्या मार्चमध्ये वेंडी विल्यम्स यांच्या अहवालाने स्पष्ट केले की, हे अरिष्ट आधी दिसण्याजोगे होते आणि टाळताही आले असते.

कागद आणि माणूस यांतील हे अंतर आम्ही जवळून पाहिले आहे. पत्रव्यवसायात येण्यापूर्वी आम्ही शाळामास्तर होतो. शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरात पानेच्या पाने १ जून ही एकच जन्मतारीख लिहिलेली आढळे. पोराचा जन्म केव्हाचा, हे घरी कोणास सांगता येत नसे. शाळा जूनमध्ये उघडे. मास्तर टाक उचलून १ जून लिहून मोकळे होत. पुढे त्याच दाखल्यावर नोकरी लागली, निवृत्तीही ठरली. दाखला खोटा नव्हता आणि खराही नव्हता. त्या पोराचे अस्तित्व मात्र निःसंशय खरे होते. ज्या राज्यव्यवस्थेस हा भेद कळत नाही, ती कितीही आधुनिक यंत्रे वापरो, अखेर तिच्याकडून अन्यायच घडावयाचा.

मालकाच्या बाजूनेही विचार करून पाहा. त्याच्या दारी दोन उमेदवार उभे आहेत. एकाचे नाव परिचित, कागद नेहमीचे. दुसऱ्याचे नाव परके, नोंद गुंतागुंतीची. चुकीस ४५,००० पौंड दंड असेल, तर तो कोणास निवडील? भेदभाव करू नये असा कायदाही ब्रिटनमध्ये आहे. परंतु न दिलेल्या नोकरीचा पुरावा कोण कसा देणार? त्यात २०१६ च्या कायद्याने अनधिकृतपणे काम करणे हा खुद्द मजुराचाही गुन्हा ठरविला आणि त्याची मजुरी गुन्ह्यातील कमाई म्हणून जप्त करण्याची वाट मोकळी केली. ज्याची मजुरीच गुन्हा ठरते, तो बुडविलेल्या मजुरीची फिर्याद कोणाकडे नेणार? मोरकॅम्बच्या मुकादमास असाच मुका मजूर हवा असतो. पिळवणूक थांबविण्यासाठी केलेला कायदा पिळणाऱ्याच्याच हाती हत्यार देतो, यापरती विसंगती कोणती?

म्हणून आमचे म्हणणे असे की, तपासणी ठेवावयाची असेल तर तिला चार मर्यादा घालाव्यात. नोंदीविषयी संशय निर्माण झाल्यास सरकारचे लेखी उत्तर येईपर्यंत, आधीपासून कामावर असलेल्याची नोकरी आणि वेतन चालू राहावे. नोंद चुकीची ठरल्यास भरपाई सरकारने आणि तीही ठरलेल्या मुदतीत द्यावी. विंडरशग्रस्तांसाठी २०१९ मध्ये योजना निघाली खरी, परंतु कित्येक वृद्धांनी भरपाईची वाट पाहतच डोळे मिटले. केलेल्या कामाची मजुरी, मजूर कोणीही असो, त्यास मिळालीच पाहिजे. आणि मजुरीची तक्रार ऐकणारा अधिकारी हा हद्दपारीचा अधिकारी नसावा. शेवटी, दंडाचा खरा रोख साध्या चुकीवर नव्हे, तर जाणूनबुजून स्वस्त मजूर राबविणाऱ्यावर असावा.

आज ब्रिटनमध्ये काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या हाती पूर्वीचे ओळखपत्रही उरलेले नाही. संगणकावरील नोंद आणि ती मालकास दाखविण्याचे एक सांकेतिक अक्षरांक, एवढाच त्यांचा आधार. तो बहुतेक वेळा ठीक चालेल. परंतु ज्या दिवशी यंत्र नकार देईल, त्या दिवशी त्या मुलीच्या बाजूने कोण उभे राहणार, हे आधीच ठरलेले असले पाहिजे. मजुराने आपला हक्क सिद्ध करावा, असे सांगणाऱ्या सरकारने आपली नोंद बिनचूक आहे हेही सिद्ध करावयास हवे. पुराव्याचा भार एकाच्याच खांद्यावर आणि चुकीची शिक्षाही त्यालाच, याला बंदोबस्त म्हणता येईल. न्याय म्हणता येणार नाही.