घाटात तापणारी जीप

जुन्या जीपचे दोन मालक एकत्र आले, की आधी गाडीची तारीफ होते, आणि चहाचा पहिला घोट पोटात गेला की दोघांपैकी एक जण आवाज उतरवून विचारतो, "तुमची तापते का हो?" मी तीस वर्षे जुनी जीप बाळगून आहे. या प्रश्नावर माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो, "कधी तापते?"

वाचकहो, अर्धे निदान या 'कधी'मध्ये आहे. बाजारपेठेतून रांगताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर वारा कमी पडतो आहे. पंख्याचा पट्टा ढिला असेल, पाती वाकली असतील. उलट, सपाट रस्त्यावर वेगात तापते, तर वारा भरपूर आहे, पण पाणी नीट फिरत नाही. अशा वेळी रेडिएटरचा खालचा होज पाहावा. आतून कुजलेला होज इंजिन जोरात फिरताना पंपाच्या ओढीने चपटा होतो, आणि इंजिन थांबले की पुन्हा फुगून साळसूद दिसतो. इतका लबाड भाग साऱ्या गाडीत दुसरा नाही!

विलीज कंपनीने १९५३ साली अमेरिकेत उंच बोनेटची सीजे-३बी जीप काढली, आणि पुढे कित्येक वर्षे महिंद्रांनी ती आपल्याकडे बनवली. बोनेट उंच, कारण चार सिलिंडरच्या त्या इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह डोक्यावर बसवले होते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मात्र बाजूला, ब्लॉकमध्येच राहिले. म्हणजे जळता वायू ब्लॉकच्या पोटातून बाहेर पडणार, आणि तिथल्या पाण्याला ती धग सोसावी लागणार. ते पाणी अडले, की चढणीला गाडी उकळलीच म्हणून समजा.

माझ्या काकांची जीप याच जातीची. पोलादपूर तालुक्यातल्या त्यांच्या वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंत तीन मैलांची कच्ची चढण आहे. पावसाळ्यात बाळंतीण असो, की साप चावलेला माणूस, ती चढण चढणारे दुसरे वाहन वाडीत नव्हते. २०१९ च्या मे महिन्यात ती गाडी दर खेपेला अर्ध्या चढणीत पाणी फेकू लागली. एका फिटरने थर्मोस्टॅट काढून टाकला. फरक पडला नाही. दुसऱ्याने 'इंजिन बसलंय' असे सांगून असा आकडा काढला, की काकांनी सरळ भंगारवाल्याला सोमवारी बोलावले. मी शनिवारी पोचलो.

"अंगणात तापते का, काका?"

"नाही रे. तासभर चालू ठेव, काही नाही. डांबरी रस्त्यावरही बरी चालते. चढण लागली की संपलं."

रविवारी सकाळी इंजिन पुरते थंड असताना मी रेडिएटरची टोपी काढली आणि गाडी चालू केली. (गरम गाडीची टोपी कधीही काढू नये. वरचा होज मुठीत सुखाने धरता येईल, तेव्हाच तिला हात लावावा. आणि तापल्या इंजिनात थंड पाणी ओतले, तर ओतीव लोखंड तडकते.) हेड गास्केट गेले असते, तर पाण्यात बुडबुडे येत राहिले असते आणि इंजिनाचा वेग वाढवताच ते वाढले असते. एकही आला नाही. दांडीवरचे तेल काळे होते, दुधाळ नव्हते. स्पार्कचे टायमिंग मागे पडले तरी चढणीला इंजिन तापते; तेही पाहिले, ठीक होते. गाडी गरम झाल्यावर बंद करून रेडिएटरवरून हात फिरवला. कुठे थंड पट्टा लागला, तर तिथल्या नळ्या तुंबल्या समजाव्या. सगळीकडे सारखी ऊब होती.

दुपारी इंजिन निवल्यावर पाणी सोडले. रेडिएटरच्या कॉकमधून धार लागली. इंजिनाच्या ब्लॉकला आणखी एक कॉक असतो. त्याची बहुतेकांना आठवणच नसते. रेडिएटर भरलेला असतानाच तो उघडला, तर एक थेंब नाही! कॉक काढून भोकात तार घातली. ती रुतली. चारपाच वेळा खुपसल्यावर गेरूसारखा लाल चिखल भसकन बाहेर आला.

वर्षानुवर्षे ओढ्याचे पाणी भरले होते. त्याचा गाळ आणि लोखंडाचा गंज ब्लॉकच्या तळाशी साचून दगडासारखा झाला होता. रेडिएटर सुटा करून दोन तास नळीने वरून पाणी मारले. काकू बादल्या मोजत होत्या. बाराव्या बादलीला पाणी स्वच्छ आले. मग नवा थर्मोस्टॅट बसवला. तो काढला की गाडी थंड राहते, ही समजूत मला कधीच पटलेली नाही. टोपीचे रबरही बदलले. टोपीने धरलेल्या दर चौरस इंची एका पौंड दाबामागे पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे दीड अंशाने वाढतो. रबर चिरले की तेवढे अंश फुकट जातात. शेवटी ओढ्याऐवजी कूलंट आणि स्वच्छ पाणी भरले.

संध्याकाळी मागे सहा माणसे बसवून चढण चढलो. काटा पाऊण घरापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. काका वाटभर एक शब्द बोलले नाहीत. डांबरावर पोचल्यावर खाली उतरून त्यांनी बोनेटवर हात ठेवला, तो बराच वेळ उचलला नाही.

सोमवारी भंगारवाला आला. काकूंनी त्याला चहा दिला, आणि काकांनी गोठ्यामागचा फुटका शेतपंप त्याच्या टेम्पोत चढवून दिला.