कॉन्टॅक्ट गेले म्हणजे नेमकं काय गेलं?

“मेल तर सगळे आलेत की वो, मग कॉन्टॅक्ट कुठं गेले?” कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपच्या ऑफिसात नवा कॉम्प्युटर बसला की दुसऱ्या दिवशी हा प्रश्न ठरलेला. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. त्यानंतर जुनी यंत्रं बदलणं भाग पडलं आणि या प्रश्नाला पुन्हा धार आली. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले एमआयडीसीतून कास्टिंग परदेशी पाठवणाऱ्याला परचेसवाल्या माणसाचा थेट पत्ता सहजी मिळालेला नसतो. त्यामुळं यादी कोरी दिसली की पोटात गोळा येणारच.

पण त्या प्रश्नातच पहिला गैरसमज दडलाय. मेल आणि कॉन्टॅक्ट एकत्र नांदतात, एक आला की दुसरा मागोमाग येणारच, असं सगळे धरून चालतात. वस्तुस्थिती अशी, की आपल्याकडच्या बहुतेक छोट्या ऑफिसांत मेल आणायच्या ज्या दोन पद्धती चालतात, पॉप आणि आयमॅप, त्या दोन्हींत कॉन्टॅक्ट ने-आण करायची सोयच नाही. पॉप फक्त इनबॉक्समधले मेल उतरवून घेतं. आयमॅप सर्व्हरवरचे फोल्डर जसेच्या तसे दाखवतं, पण तेही मेलचेच. पत्त्यांच्या वह्या जुळवून ठेवण्यासाठी कार्डडॅव्ह नावाचा वेगळा नियम आहे, तो २०११ मध्ये ठरला. जीमेल, मायक्रोसॉफ्ट ३६५ अशा सेवा आपापल्या मार्गानं कॉन्टॅक्ट सर्व्हरवर ठेवतात, हे खरं. पण होस्टिंगवाल्याकडून कंपनीच्या नावाचा मेल घेतला आणि आउटलुकमध्ये आयमॅपनं जोडला, तर तुमची यादी फक्त तुमच्या टेबलावरच्या डब्यात असते. सर्व्हरला तिचा पत्ताही नसतो.

आउटलुक हे लपवतही नाही. २०१३ पासूनच्या आवृत्त्यांत आयमॅप खातं जोडलं की कॉन्टॅक्टच्या फोल्डरपुढं कंसात इंग्रजीत लिहिलेलं असतं, “फक्त याच कॉम्प्युटरवर.” वाचतंय कोण! मग एक दिवस पासवर्ड बदलतो, आउटलुक सारखं पासवर्ड मागत बसतं आणि कुणीतरी नेहमीचा तोडगा सांगतं, “अकाउंट काढ आणि परत घाल, लगेच चालू होतंय.” होतंयच. मेल सर्व्हरवरून पुन्हा उतरतात, सगळे खूश. पण खातं काढताना त्याची ओएसटी नावाची फाइल पुसली जाते आणि ‘फक्त याच कॉम्प्युटरवर’ असलेले कॉन्टॅक्ट तिच्यातच होते. पुसण्याआधी एक सूचना येते, तिच्यावर ‘हो’ म्हणून पुढं जाणारे आपणच. हा तोडगा मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या खात्याला सहसा बाधत नाही, कारण तिथली मूळ यादी सर्व्हरवर असते. आयमॅपच्या खात्याला तो जिव्हारी लागतो. माझ्या मते कॉन्टॅक्ट खरोखर नष्ट होण्याचं सगळ्यात टाळता येण्यासारखं कारण हेच आहे. खातं काढण्याआधी फाइल मेन्यूतल्या इम्पोर्ट-एक्स्पोर्टमधून कॉन्टॅक्टचं फोल्डर सीएसव्ही किंवा पीएसटी (आउटलुकची उचलून नेता येणारी डेटा फाइल) म्हणून बाहेर काढलं, की प्रश्न मिटला.

याच्या उलटही घडतं. यादी जागेवर असते, फक्त दिसत नाही. नवा मेल लिहिताना ‘टू’ वर टिचकी मारली, ॲड्रेस बुक उघडलं, तर आत शुकशुकाट. लगेच निदान होतं: “करप्ट झालंय, फॉरमॅट मारावं लागेल.” जरा थांबा. जुन्या, म्हणजे क्लासिक आउटलुकमध्ये कॉन्टॅक्टच्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या, की ॲड्रेस बुकच्या टॅबमध्ये एक चौकोन असतो. हे फोल्डर ॲड्रेस बुक म्हणून दाखवायचं का, असं तो विचारतो. जुनी पीएसटी नव्या यंत्रावर जोडली की पुष्कळदा तिथली खूण गेलेली असते. आणखी एक गंमत म्हणजे या ॲड्रेस बुकात ज्याचा ईमेल किंवा फॅक्स नंबर नोंदवलाय तोच माणूस दिसतो. नुसता मोबाइल नंबर लिहिलेला ट्रान्सपोर्टवाला तिथं दिसणारच नाही, कॉन्टॅक्टच्या फोल्डरात मात्र तो सुखरूप असतो. फॅक्स इचलकरंजीच्या सूतवाल्यांच्या ऑफिसातूनसुद्धा केव्हाच हद्दपार झाला, आउटलुकच्या डोक्यातून अजून गेला नाही!

थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांची भानगड वेगळी. त्याची सगळी माहिती प्रोफाइल नावाच्या फोल्डरमध्ये असते. प्रोग्रॅम अनइन्स्टॉल केला तरी ते फोल्डर मागं राहतं. नव्यानं इन्स्टॉल केल्यावर थंडरबर्ड कधी कधी नवं कोरं प्रोफाइल उघडून बसतं आणि जुनं बाजूलाच पडून असतं. हेल्प मेन्यूतून प्रोफाइलची यादी उघडायची आणि जुनं निवडायचं, बस्स.

आता सगळ्यात चिवट गैरसमज. “दोन अक्षरं टाइप केली की पत्ता येत होता, म्हणजे सेव्ह होताच की!” नव्हता. ती प्रोग्रॅमची आठवण. दुकानातल्या पोऱ्याला गिऱ्हाइकाचं नाव तोंडपाठ असतं म्हणून ते खतावणीत लिहिलेलं असतंच असं नाही. आउटलुक २००७ पर्यंत ही आठवण एनके२ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये असायची. पीएसटी उचलून नेली तरी ती फाइल मागंच राहायची. २०१० पासून ती मेलबॉक्सच्या डेटाबरोबरच ठेवली जाते. तिला मर्यादाही आहे: साधारण १००० पत्ते भरले की आउटलुक कमी वापरातले गाळायला लागतं. त्यामुळं वर्षातून एकदा, दिवाळीच्या शुभेच्छांपुरता ज्याला मेल जातो, त्याचा पत्ता कुणी न पुसताही नाहीसा होऊ शकतो. गुगलमध्ये असे आपोआप जमलेले पत्ते ‘अदर कॉन्टॅक्ट्स’ या वेगळ्या कप्प्यात जातात, थंडरबर्डमध्ये ‘कलेक्टेड ॲड्रेसेस’मध्ये. कॉन्टॅक्ट गेले असं वाटलं की आधी हे दोन कप्पे उघडा. पुष्कळांचं काम तिथंच भागतं.

जीमेलवाले त्या मानानं नशीबवान. पुसलेला कॉन्टॅक्ट गुगल कॉन्टॅक्ट्सच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतो. शिवाय वेबवर ‘अनडू चेंजेस’ ची सोय आहे. दहा मिनिटांपूर्वी, तासापूर्वी, कालची, आठवड्यापूर्वीची, असं करत ३० दिवसांपर्यंत मागं जाता येतं. “जीमेलवर आहे म्हणजे कधीच जात नाही” हा समज मात्र या ३० दिवसांपाशी संपतो. दुसरं असं, की मागं गेल्यावर पूर्ण यादीच त्या दिवशीची होते. मधल्या काळात जोडलेले नवे पत्ते निघून जातात, म्हणून आधी आजची यादी एक्स्पोर्ट करून ठेवावी. आणि दोन वर्षं ज्या खात्यात कुणी फिरकलंच नाही, असं वैयक्तिक खातं गुगल पूर्णच काढून टाकू शकतं. ही कारवाई डिसेंबर २०२३ पासून सुरू झाली आहे.

बॅकअपचं बोलायचं तर “डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि टॅलीचा डेटा घेतलाय, आता मारा फॉरमॅट” हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते. आउटलुकची ओएसटी आणि थंडरबर्डचं प्रोफाइल हे दोन्ही ॲपडेटा नावाच्या फोल्डरमध्ये असतात आणि विंडोज ते फोल्डर मुद्दाम लपवून ठेवतं. आउटलुक २०१० पासूनची पीएसटी डॉक्युमेंट्समध्ये सापडते, त्याआधीची तीही ॲपडेटात. बरं, ओएसटी नुसती उचलून नेली तरी उपयोग नाही. ती आपल्या मूळ खात्याशी बांधलेली असते, दुसऱ्या यंत्रावर आउटलुक ती सरळ उघडत नाही. न्यायची ती पीएसटी. फॉरमॅट न करता वरूनच नवं विंडोज टाकलं असेल तर सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ हे फोल्डर शोधा, जुनं सगळं त्यात असतं. विंडोज ते साधारण दहा दिवसांत स्वतःच साफ करतं, तेव्हा घाई करा.

“डिलीट झालेलं कुठलंही सॉफ्टवेअर परत आणतंय” हे अर्धसत्य आहे. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर पुसलेल्या फाइलची जागा नुसती मोकळी म्हणून नोंदली जाते, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तिथंच असतो. म्हणून रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवून घेणं हा शुद्ध आत्मघात. एसएसडीत ट्रिम नावाची व्यवस्था असते, ती पुसलेली जागा खरोखर रिकामी करून टाकते. तिथं पुष्कळदा हाती काहीच लागत नाही.

कोल्हापुरात यादी जाण्याचं एक कारण मात्र इतर शहरांच्या मानानं जास्त ओळखीचं आहे. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, जुलै २०२१ मध्ये ५६ च्याही वर. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर भागात तळमजल्यावरची दुकानं-ऑफिसं पाण्यात गेली आणि टेबलाखाली ठेवलेले सीपीयू आधी बुडाले. अशा वेळी “उन्हात वाळवा आणि चालू करून बघा” हा सल्ला हमखास मिळतो, कोण हेअर ड्रायर घेऊन बसतं, कोण तांदळाचा डबा काढतं. हार्डडिस्क बहुधा हवाबंद नसते. हवेचा दाब सारखा राहावा म्हणून तिला फिल्टर लावलेलं बारीक छिद्र असतं आणि पुराचं गढूळ पाणी तिथून आत शिरू शकतं. आतल्या तबकडीवरचा डेटा वाचणारं हेड तिच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. त्या फटीत गाळाचा कण आला आणि डिस्क फिरली, की तबकडी खरवडली जाते. म्हणजे डेटा पाण्यानं जाईलच असं नाही, नंतर बटण दाबल्यानं मात्र हमखास जातो. वाळवणंही चूकच, कारण गाळ तबकडीवर चिकटून बसतो. डिस्क ओलसर असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीच्या लॅबला पाठवायची, घरी उघडायची नाही. हे काम महागडं असतं. नुसत्या पत्त्यांसाठी ते करण्याआधी यादी सर्व्हरवर किंवा मोबाइलमध्ये आहे का, एवढं बघून घ्यावं.

यादी परत मिळाली आणि मराठी नावांच्या जागी भलतंच काही आलं, तर त्यालाही दोन जाती आहेत. इंग्रजी ‘ए’ च्या डोक्यावर तिरकी रेघ, मधूनमधून जपानी येनचं चिन्ह, असा गाळ पुन्हा पुन्हा दिसला तर आनंद माना. मजकूर शाबूत आहे, तो चुकीच्या पद्धतीनं उघडलाय. फाइल यूटीएफ-८ म्हणून उघडली की पाटील, माने, घाटगे सगळे जागेवर येतात. नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र त्या फाइलमधली अक्षरं गेलीच. एक्स्पोर्ट करतानाच ती टाकून दिली गेली, मूळ यादीतून पुन्हा काढण्याला पर्याय नाही. नावं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केली असतील तर ती युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मिळतात.

काहीच सापडलं नाही, तरी ‘सेंट’ चं फोल्डर असतं. पत्ते पुसले गेले तरी पाठवलेल्या मेलवर ते छापलेलेच राहतात. क्लासिक आउटलुकमधून ‘सेंट आयटम्स’ फोल्डर सीएसव्हीत एक्स्पोर्ट केलं की पत्त्यांचा वेगळा रकाना मिळतो. एक्सेलमध्ये दुबार नोंदी काढल्या की यादी उभी राहिली. पण ती डोळे झाकून वापरू नका. निर्यातदारांना गंडवणारे लोक गिऱ्हाइकाच्या पत्त्यासारखाच दिसणारा पत्ता तयार करून “आमचं बँक खातं बदललंय” असा मेल धाडतात. इंग्रजी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी आले की घाईत ‘एम’ वाटतात. अशा मेलला कधी काळी उत्तर दिलं असेल, तर तो खोटा पत्ता ‘सेंट’ मध्ये आणि आपोआप सुचणाऱ्या यादीत खऱ्याच्या शेजारी बसलेला असतो. म्हणून मोठ्या गिऱ्हाइकांचे पत्ते जुन्या छापील परचेस ऑर्डरशी अक्षर अक्षर ताडून घ्यावेत. तसंच इंटरनेटवर ‘जीमेल कस्टमर केअर’ म्हणून सापडलेल्या मोबाइल नंबरवर फोन करू नये. फुकटच्या जीमेल खात्याला गुगल फोनवरून मदत देत नाही. तिथं कुणी स्क्रीन शेअर करायला लावून पैसे काढले, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवायचं.