इब्री पत्रातील एक दुर्घट वचन : अन्वय आणि अर्थ

नव्या करारातील ‘इब्री लोकांस पत्र’ याच्या सहाव्या अध्यायातील ४ ते ६ ही वचने प्राचीन काळापासून टीकाकारांना अडचणीत टाकीत आली आहेत. ज्यांना एकदा प्रकाश लाभला, ज्यांनी स्वर्गीय दानाची रुची घेतली, जे पवित्र आत्म्याचे वाटेकरी झाले आणि जे नंतर ढळले, अशांना पुन्हा पश्चात्तापाप्रत आणणे अशक्य आहे, असा त्यांचा स्थूल आशय आहे.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हता. सम्राट डेसिअसच्या कारकिर्दीत (इ. स. २४९–२५१) झालेल्या छळात अनेक ख्रिस्ती जनांनी प्राणभयाने रोमन देवतांना बली अर्पण केले. त्यांना मंडळीत परत घ्यावे काय, या प्रश्नावरून २५१ मध्ये रोम येथे नोव्हेशनचा कठोर पक्ष वेगळा झाला. पुढे या पक्षाने प्रस्तुत वचनांचा आधार घेतला. उलट, चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात मिलानचा बिशप अँब्रोझ याने, येथील निषेध पश्चात्तापाचा नसून दुसऱ्या बाप्तिस्म्याचा आहे, असे प्रतिपादिले. परत येऊ पाहणाऱ्यास दार उघडे की बंद, हा प्रश्न अशा रीतीने एका वाक्याच्या अन्वयाशी निगडित झाला. तेव्हा मूळ ग्रीक वाक्य काय सांगते, ते पाहणे अगत्याचे आहे.

वाक्याच्या आरंभीच ‘अदुनातोन’ म्हणजे ‘अशक्य’ हे पद आहे. ‘फार कठीण’ असा त्याचा सौम्य अर्थ घेता येत नाही. याच पत्रात ते आणखी तीनदा येते. देवाने असत्य बोलणे, पशूंच्या रक्ताने पापक्षालन होणे आणि विश्वासावाचून देवास संतोषविणे या तिन्ही गोष्टी तेथे निरपवादपणे अशक्य म्हटल्या आहेत.

‘पारापेसोन्तास’ (ढळलेले) या धातुसाधिताचे १६११ च्या इंग्रजी भाषांतरात ‘जर ढळतील तर’ असे संकेतार्थी रूप झाले. परंतु मुळात ‘जर’ या अर्थाचे अव्यय नाही. आधीच्या चार धातुसाधितांबरोबर हेही एकाच उपपदाखाली, ‘आणि’ या अर्थाच्या ‘काइ’ने जोडलेले आहे. म्हणून १८८१ च्या सुधारित इंग्रजी आवृत्तीने संकेतार्थ टाकून दिला, तो योग्यच होय.

याउलट, ख्रिस्तास पुन्हा क्रुसावर खिळणे व त्याची उघड विटंबना करणे या अर्थाची पुढील दोन धातुसाधिते वर्तमानकालवाचक आहेत. त्यांचा संबंध ‘खिळीत असल्यामुळे’ असा कारणवाचक लावावा, की ‘खिळीत आहेत तोवर’ असा कालवाचक? ग्रीकात दोन्ही संभवतात. पहिल्या अन्वयात अशक्यता कायमची ठरते. दुसऱ्यात ती त्या वर्तनाच्या अवधीपुरती राहते. खरा संदेह आहे तो येथेच. मराठी भाषांतरकाराला मात्र ‘-मुळे’ किंवा ‘तोवर’ यांतून एक निवडावेच लागते. ‘खिळीत असता’ अशी रचना केली, तरच मूळची संदिग्धता काहीशी टिकते.

शब्दयोजनेतही एक पेच आहे. ‘पारापिप्तेइन’मधील मूळ धातू संस्कृत ‘पत्’चा सगोत्र आहे. त्यामुळे ‘पतित’ हा प्रतिशब्द सहज सुचतो. पण मराठी वाचकाला ‘पतित’ म्हणताच ‘पतितपावन’ आठवतो, म्हणजे ज्याचा उद्धार व्हावयाचा तोच पतित. मूळ वाक्याच्या अगदी विरुद्ध असा हा संस्कार आहे. यहेज्केलच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात हेच क्रियापद देवाशी केलेल्या विश्वासघातासाठी आले आहे. ‘पतन’ या शब्दातून ती द्रोहाची छटा निसटते. ‘फितणे’ हे क्रियापद तिच्या अधिक जवळ जाते.

शेवटी पुरुषभेद ध्यानात घ्यावा. या वचनांत ढळलेल्यांचा निर्देश तृतीय पुरुषी आहे. नवव्या वचनात मात्र लेखक ‘तुम्ही’वर येतो, वाचकांना ‘प्रियजनहो’ असे संबोधतो आणि त्यांच्याविषयी अधिक चांगल्या गोष्टींची खात्री व्यक्त करतो. हे संबोधन संपूर्ण पत्रात याच ठिकाणी आहे. त्यावरून, लेखक आपल्या वाचकांना ढळलेल्यांत गणीत नाही, त्यांना सावध करीत आहे, एवढे निश्चितपणे म्हणता येते. ढळलेल्या व्यक्तीचा अंतिम निवाडा व्याकरणाच्या कक्षेबाहेरचा आहे. मात्र तो करू पाहणाऱ्याने ‘अशक्य’ हे पद सौम्य करू नये आणि ‘तोवर’ची शक्यताही नाकारू नये, इतके बंधन व्याकरण त्याच्यावर निश्चित घालते.