पाव सेकंदाची गोष्ट

मुलांनो, तुमच्या शाळेतल्या क्रीडास्पर्धा कधी असतात? आमच्या डिसेंबरात असतात. मैदानावर फक्कीच्या रेषा मारायच्या, पताका लावायच्या, लिंबू-चमच्यासाठी घरून लिंबं मागवायची (त्यातली दोन-तीन शर्यतीआधीच गायब होतात, ती कुठे जातात ते तुम्हाला माहीत असेलच!) आणि सगळ्यात शेवटी मैदानाची एक फेरी मारायची धावण्याची शर्यत.

ही गोष्ट डिसेंबर २०२३ मधली आहे. मी तिसरीच्या वर्गातल्या मुलांची नावं लिहून घेत होते. एक मुलगा काही केल्या उठेना. त्याचं नाव नाही सांगत, कारण तो हे साप्ताहिक वाचतो.

"बाई, मी नाही पळणार."

"का रे?"

"पळून काय करू? पहिलीत शेवटचा आलो, दुसरीतपण शेवटचा आलो."

मी नेहमीचं उत्तर दिलं. म्हटलं, "अरे, नंबराचं काय एवढं? भाग घेणं महत्त्वाचं."

तो शांतपणे म्हणाला, "बाई, मागच्या वर्षीपण तुम्ही हेच म्हणाला होतात."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण 'नंबराचं काय एवढं' असं म्हणणारी मीच दरवर्षी फळ्यावर पहिल्या तिघांची नावं रंगीत खडूने लिहीत होते. चौथ्यापासून पुढच्या मुलांचं काय झालं, ती मागच्या वर्षीपेक्षा जोरात पळाली की हळू, हे मी कधी कुठे टिपूनच ठेवलं नव्हतं. ते मला विचारलं असतं तर सांगताही आलं नसतं.

त्या दिवशी घरी गेल्यावर मला आपल्या बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेची आठवण झाली. दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर मी वर्गात त्याचीच गोष्ट सांगितली. ती तुम्हालाही सांगते.

आष्टी तालुक्यातलं मांडवा हे अविनाशचं गाव. आईवडील शेतकरी. शाळा सहा किलोमीटर लांब आणि जायला वाहनाची सोय नाही. मग काय, कधी चालत, कधी पळत शाळा गाठायची. तेव्हा त्याला कुणी धावपटू म्हणत नव्हतं, की त्याच्या हातात कुणी घड्याळ धरून उभं नव्हतं. बारावी झाल्यावर तो सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचीनच्या बर्फात राहिला, राजस्थानच्या वाळवंटातही राहिला. खऱ्या अर्थाने शर्यतीत धावायला लागला तो २०१५ पासून, सैन्यातच. म्हणजे विशी गाठल्यावर! मध्येच दुखापत झाली आणि वजन वाढलं. पुढे प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या हाताखाली त्याने वीसेक किलो वजन उतरवलं.

त्याची शर्यत आहे तीन हजार मीटर स्टीपलचेस. ही मोठी गमतीची आणि तितकीच कठीण शर्यत आहे बरं का! मैदानाला साडेसात फेऱ्यांच्या आसपास पळायचं, आणि वाटेत अडथळे. हर्डल्सच्या शर्यतीत अडथळ्याला पाय लागला तर तो आडवा पडतो. स्टीपलचेसमधला अडथळा मात्र जाड लाकडी तुळईचा असतो. त्याला पाय लागला तर तो जागचा हलत नाही, धावणाराच पडतो. पुरुषांसाठी त्याची उंची ९१.४ सेंटीमीटर. म्हणजे तिसरीतल्या मुलाच्या जवळजवळ छातीइतकी. (आमच्या वर्गात आम्ही फूटपट्टीने मोजून दारावर खडूने रेघ मारली. दिवसभर एकही मूल त्या दारातून सरळ चालत गेलं नाही, सगळे उड्या मारत होते.) शिवाय प्रत्येक फेरीत एका अडथळ्याच्या पुढे पाण्याचा खड्डा असतो. तो अडथळ्यापाशी खोल आणि पुढे उथळ होत जातो. म्हणून जो लांब उडी मारतो त्याचे पाय कमी भिजतात. अशा २८ साध्या आणि ७ पाण्यावरच्या, एकूण ३५ उड्या मारायच्या आणि तरीही वेग राखायचा.

या शर्यतीतला भारताचा विक्रम गोपाल सैनी यांच्या नावावर होता. त्यांनी १९८१ मध्ये ८ मिनिटं ३०.८८ सेकंद अशी वेळ नोंदवली होती. हा विक्रम सदतीस वर्षं टिकला. २०१८ मध्ये भुवनेश्वरला अविनाशने ८ मिनिटं २९.८० सेकंदांत शर्यत संपवली. फरक किती? एक सेकंद आणि वर थोडंसं. टाळी वाजवून हात खाली आणेपर्यंत एवढा वेळ जातो.

यापुढची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. आता भारतात मोडायला दुसऱ्या कुणाचा विक्रम उरलाच नव्हता, उरला होता तो स्वतःचाच. २०१९ मध्ये पतियाळाला ८:२८.९४. त्याच वर्षी दोहाच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत दुसऱ्या धावपटूंमुळे अडखळूनही ८:२५.२३, आणि तीनच दिवसांनी अंतिम फेरीत ८:२१.३७. २०२१ मध्ये आधी ८:२०.२०, मग टोकियो ऑलिंपिकमध्ये ८:१८.१२. लक्षात घ्या, टोकियोत तो अंतिम फेरीत पोचलाच नाही. पेपरात 'आव्हान संपुष्टात' असं छापून आलं असेल. पण त्या दिवशी तो आयुष्यात धावला नव्हता इतका वेगात धावला होता! २०२२ मध्ये तर तीनदा वेळ कमी झाली: ८:१६.२१, ८:१२.४८ आणि बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२०. तिथे त्याला रौप्यपदक मिळालं. सुवर्ण हुकलं ते एका सेकंदाच्या शंभर भागांपैकी अवघ्या पाच भागांनी. १९९८ पासून राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाचेच धावपटू नेत होते. तो क्रम अविनाशने मोडला.

आणि मग विक्रम थांबला. २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत तो अंतिम फेरीलाही पोचला नाही. त्यानंतर दोनच महिन्यांत हांगझोच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळवलं खरं, पण ८:११.२० हा आकडा तसाच राहिला.

मी गोष्ट इथवर सांगितली आणि त्या मुलाने हात वर केला. "बाई, मग आता संपलं? याच्यापेक्षा कमी नाही होणार?"

"मला नाही माहीत," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

त्या वर्षीच्या क्रीडास्पर्धेत मी एक बदल केला. शाळेचं थांबाघड्याळ घेऊन प्रत्येक मुलाची वेळ घेतली आणि एका वहीत प्रत्येकाच्या नावाचं एकेक पान केलं. हा मुलगा पळाला आणि शेवटचाच आला. वेळ ६४ सेकंद. पहिला आलेला मुलगा ४४ सेकंदांत आला होता. पण त्याच्या पानावर ४४ लिहिलेलंच नव्हतं. तिथे फक्त ६४ होते.

मग रोज प्रार्थनेआधी मैदानाची एक फेरी, आणि दर शनिवारी वेळ. तुम्हाला वाटेल, लगेच आकडे धडाधड उतरले असतील. छे! पहिल्या शनिवारी सगळ्यांचे उतरले, दुसऱ्या शनिवारी निम्म्यांचे वाढले. एका मुलीला ताप येऊन गेला होता, तिचे आठ सेकंद वाढले आणि ती रडायलाच लागली. दोन हुशार मुलं तर एका शनिवारी मुद्दाम रमतगमत पळाली. का? तर पुढच्या शनिवारी मोठी सुधारणा दिसावी म्हणून! मी त्यांच्या पानावर तोच आकडा लिहिला आणि पुढे कंसात 'रमतगमत' असंही लिहिलं. पुन्हा तसं कुणी केलं नाही.

हा मुलगा मात्र तीन आठवडे ६४-६५ वरच अडकून राहिला. मग मी नीट पाहिलं. शिट्टी वाजली की तो वाघ मागे लागल्यासारखा सुटायचा आणि अर्ध्या वाटेवरच्या कडुनिंबापाशी पोचेपर्यंत त्याला धाप लागायची. पुढचं अंतर तो जवळजवळ चालतच यायचा. आम्ही ठरवलं, लिंबापर्यंत शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने पळायचं, लिंब ओलांडल्यावर वेग वाढवायचा. त्याला ते फार अवघड गेलं. सगळे पुढे निघून जात असताना आपण हळू पळायचं, म्हणजे काय सोपं आहे? पण फेब्रुवारीत ६१ झाले, मार्चमध्ये ५८.

जून उजाडला, वर्ग चौथीत गेला, मीही त्यांच्याबरोबर चौथीला आले. आठ जुलै २०२४, सोमवार. मी शाळेच्या फाटकातून आत येते तोच हा मुलगा ओरडत धावत आला, "बाई, आठ नऊ! आठ नऊ!" हातात पेपरचं कात्रण. आदल्या दिवशी पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये अविनाश ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत धावला होता. त्या शर्यतीत तो सहावा आला. कात्रणातला 'सहावा' हा शब्द त्याने वाचलासुद्धा नव्हता बहुतेक.

गणिताच्या तासाला आम्ही हिशेब मांडला. ८:२९.८० पासून ८:०९.९१ पर्यंत १९.८९ सेकंद कमी झाले. त्याला लागली जवळजवळ सहा वर्षं, म्हणजे सुमारे सत्तर महिने. भागाकार केला तर महिन्याला साधारण ०.२८ सेकंद. पाव सेकंदाच्या किंचित वर! ३५ उड्यांत वाटलं, तर उडीमागे अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त. आणि शेवटचे १.२९ सेकंद कमी व्हायला एकट्यालाच जवळजवळ दोन वर्षं लागली होती. एका मुलीने विचारलं, "बाई, दोन वर्षं रोज पळायचं आणि सव्वा सेकंद?" मी म्हटलं, "हो." वर्ग बराच वेळ गप्प होता. पुढे ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत अविनाश पोचला. या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष. तिथे तो अकरावा आला.

आता पालकांना एक सांगते. डिसेंबर २०२४ च्या क्रीडास्पर्धेत हा मुलगा ५५ सेकंदांत आला. वर्षात नऊ सेकंद कमी! पण शर्यतीत शेवटून दुसरा होता. त्याचे वडील कामावरून सुट्टी काढून आले होते. त्यांनी हसत हसत विचारलं, "काय रे, कितवा आलास?" त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं, आपण सगळे हेच विचारतो. मीही माझ्या मुलीला प्रगतिपुस्तक हातात घेतल्याबरोबर हेच विचारते आणि मग जीभ चावते. मुलगा काही बोलला नाही. तो टेबलाकडे गेला, वही घेऊन आला आणि आपलं पान उघडून वडिलांसमोर धरलं. वडिलांनी चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवत सगळे आकडे वाचले. 'रमतगमत' कुणाच्या पानावर आहे, तेही पाहिलं. मग मला म्हणाले, "बाई, हे जानेवारीत कशामुळे वाढले होते?" दोघं बराच वेळ त्यावरच बोलत बसले.

चौथी संपली, मुलं मोठ्या शाळेत गेली. जाताना प्रत्येकाला मी त्याचं पान दिलं.

जुलै २०२५ मध्ये हा मुलगा बाजारात आईबरोबर भेटला. पहिलं वाक्य, "बाई, अविनाश पडला." खरंच होतं. मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या उडीपाशी अविनाश पडला होता आणि त्याच्या गुडघ्याला मोठी दुखापत झाली होती. त्या वर्षीची टोकियोची जागतिक स्पर्धा पुढे त्याला खेळता आली नाही.

"गुडघा बरा व्हायला किती दिवस लागतात?" त्याने विचारलं.

"बरेच महिने लागतात म्हणे."

त्याने मान हलवली. मग मी विचारलं, "आणि तुझं काय? पळतोस का?"

"पळतो ना. पण नवीन शाळेचं मैदान मोठं आहे बाई, तिथे एका फेरीला ऐंशी सेकंद लागतात. जुन्या पानावर नाही लिहिता येत." त्याची आई कोथिंबिरीच्या जुडीचा भाव करत होती. तो तिच्या हातातली पिशवी घेत म्हणाला, "म्हणून दुसरं पान सुरू केलंय."