थ्रॉटलच्या सेन्सरचा दोष कसा ओळखावा

पेट्रोलवर चालणारी मोटार हांकणाऱ्या माणसाला कधीं ना कधीं असा अनुभव येतो कीं, पुढच्या ट्रकला ओलांडून जावें म्हणून ॲक्सिलरेटरवर पाय दाबावा, आणि नेमकें त्याच क्षणीं गाडीनें अडखळावें. आपण काय सांगितलें तें जणूं तिला उमगतच नाहीं. मग एकदम हिसका देऊन ती धांवूं लागते. दुपदरी घाटरस्त्यावर समोरून गाडी येत असतां हा क्षण केवढा मोठा वाटतो, हें ज्याच्यावर प्रसंग आला त्यालाच ठाऊक. या अडखळण्याचीं कारणें पुष्कळ आहेत. त्यांपैकीं एकाचा, म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सर या लहानशा भागाच्या बिघाडाचा, आज विचार करावयाचा आहे. वर्गांत खिडकीची कांच फुटली कीं सर्वांचीं बोटें ठराविक मुलाकडे वळतात, तशी या सेन्सरची स्थिति आहे. त्याच्यावर आरोप फार लवकर येतो, आणि पुष्कळदां तो निर्दोष असतो.

इंजिनांत जाणाऱ्या हवेच्या वाटेवर चकतीच्या आकाराची एक झडप असते. तिलाच थ्रॉटल म्हणतात. आपण पायानें पेट्रोल सोडतों असें बोलण्याची रीत आहे. वस्तुतः आपण हवा सोडीत असतों. त्या हवेच्या मानानें पेट्रोल किती द्यावयाचें, हें पूर्वीं कार्बुरेटर ठरवीत असे. आपल्याकडे २००० सालच्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, आणि तें काम गाडींतील संगणकाकडे आलें. झडप किती उघडली आणि किती झपाट्यानें उघडली, हें त्याला कळविणारा दूत म्हणजे हा सेन्सर. झडप एकाएकीं उघडली तर तो क्षणभर जादा पेट्रोल देतो. उतारावर पाय काढला तर पेट्रोल तोडतो. बातमीच चुकीची आली, तर बिचारा संगणक काय करणार?

सेन्सरची रचना समजण्यास आपला जुना रेडिओ पुरेसा आहे. आवाज लहानमोठा करण्याची जी कळ असते, तिच्या आंत कार्बनचा एक पट्टा असून त्यावरून धातूची जीभ सरकते. सेन्सरमध्यें हेंच आहे. फक्त कळ फिरविणारा हात झडपेच्या दांड्याचा असतो. त्याला तीन वायरी असतात. एकीतून संगणक पांच व्होल्ट पुरवितो, दुसरी जमिनीची, म्हणजे अर्थिंगची, आणि तिसरीवरून बातमी परत जाते. झडप मिटलेली असतां या तिसऱ्या वायरीवर साधारणतः अर्धा व्होल्ट आणि पूर्ण उघडली असतां साडेचारच्या आसपास मिळतात. नक्की आंकडे त्या त्या गाडीच्या पुस्तकांतच पाहावे.

आतां, रेडिओची कळ जुनी झाली म्हणजे एका विशिष्ट जागीं खरखर होते, पुढें आवाज पुन्हां स्वच्छ येतो. सेन्सरचेंही तसेंच होतें. शहरांत गाडी चालविणाराचा पाय बहुतेक वेळ थोडासाच दाबलेला असतो. त्यामुळें जीभ पट्ट्याच्या आरंभींच्या वीतभर नव्हे, बोटभरही नव्हे, एवढ्याशा भागावर हजारों वेळां घांसते, आणि कार्बन तेथेंच झिजतो. म्हणून दोष खरोखर सेन्सरचा असेल, तर गाडी बहुधा हलक्या पायावर अडखळते, आणि जोरानें दाबल्यावर सुरळीत चालते. उभ्या गाडीच्या इंजिनाचा वेग आपोआप चढणें-उतरणें हीं लक्षणेंही दिसतात. परंतु थ्रॉटलमध्यें सांचलेली काजळी, फाटलेल्या नळींतून शिरणारी चोरटी हवा, मंदावलेला पेट्रोलपंप, यांनींही गाडी अशीच वागते. केवळ लक्षणांवर निदान करणारा वैद्य येथें हटकून फसतो.

डॅशबोर्डावरचा इंजिनाचा दिवा लागला असेल, तर संगणकानें नोंदलेला सांकेतिक आंकडा वाचून घ्यावा. पी ०१२२ म्हणजे व्होल्ट फार कमी, पी ०१२३ म्हणजे फार जास्त, पी ०१२१ म्हणजे बातमी इतर खुणांशीं जुळत नाहीं, आणि पी ०१२४ म्हणजे ती मधूनमधून तुटते. येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. संगणकाला सेन्सर दिसत नाहीं. त्याला वायरीवरचे व्होल्ट तेवढे दिसतात. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडींत पी ०१२३ आला, म्हणून गॅरेजवाल्यानें दोनदां नवा सेन्सर बसविला. खड्ड्यांतून गाडी गेली कीं दिवा पुन्हां हजर. शेवटीं एका जाणत्या कारागिरानें जमिनीच्या वायरीला मीटर लावून ती हलविली, तेव्हां शून्याजवळचा आंकडा एकदम पांचाकडे उडाला. वायर वेष्टनाच्या आंत तुटली होती. जमीन सुटली म्हणजे बातमीची वायरही पांचाकडे जाते, आणि संगणकाची समजूत होते कीं झडप सताड उघडी आहे.

तेव्हां क्रम असा ठेवावा. इंजिन बंद, किल्ली मात्र चालू. कनेक्टर न काढतां मागच्या बाजूनें मीटरची सुई घालून प्रथम पांच व्होल्ट येतात कीं नाहीं तें पाहावें, मग जमिनीच्या वायरीवर एक दशांशाहून कमी व्होल्ट आहे ना, तें पाहावें. हीं दोन्हीं ठीक असलीं तरच सेन्सरकडे वळावें. दुसऱ्या माणसानें ॲक्सिलरेटर अगदीं सावकाश दाबावा. आंकडा एकसारखा चढला पाहिजे. मध्येंच तो कोसळला, तर पट्टा झिजला आहे. आंकड्यांचा मीटर क्षणाचा खंड कधीं कधीं दाखवीत नाहीं. ऑसिलोस्कोप सर्वांत उत्तम. तो नसल्यास जुना कांट्याचा मीटर माझ्या मतें आजही अधिक प्रामाणिक ठरतो. दोष इंजिन तापल्यावरच दिसत असेल, तर परीक्षाही तापलेल्या इंजिनावरच करावी.

अलीकडच्या गाड्यांत झडप केबलनें न उघडतां लहान मोटरनें उघडते. तेथें दोन सेन्सर असून संगणक एकाची साक्ष दुसऱ्याशीं ताडून पाहतो. विसंगति दिसली कीं इंजिनाची शक्तीच आंवळून टाकतो. यांतील पुष्कळ सेन्सर चुंबकीय असतात. त्यांत घांसणारा पट्टाच नाहीं, म्हणून संशय आधीं कनेक्टरवर घ्यावा. किल्ली चालू असतां अशा झडपेंत बोट कदापि घालूं नये. ती मोटर झडप झटक्यानें मिटवूं शकते.

नवा सेन्सर बसवावयाचा झाल्यास, जुन्या धर्तीच्या गाडींत झडप मिटलेली असतांना पुस्तकांत दिलेले व्होल्ट मिळेपर्यंत तो फिरवून मगच स्क्रू आंवळावे. झडप जेथें टेकते तो स्क्रू मात्र हलवूं नये. मोटरच्या झडपेला मिटलेली जागा नव्यानें शिकवावी लागते. त्याची रीत गाडीगणिक निराळी आहे. नंतर जुना आंकडा पुसून दोन-चार दिवस गाडी चालवावी व पुन्हां वाचावा. तोच आंकडा परत आला, तर सेन्सरची पावती जपून ठेवून वायरींचा शोध घ्यावा.